यवतमाळहून मॅनिटोबाला कायमचं कसं जावं

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. ज्यांचा मावसभाऊ आधीच विनिपेगमध्ये आहे त्यांनी थेट गुणांच्या भागाकडे वळावं, त्यांचा अर्धा रस्ता झालेला आहे.

पायरी पहिली: प्रांत समजून घ्या

'कॅनडाला चाललो' असं दत्त चौकात सांगायला ठीक असतं, अर्जात ते चालत नाही. प्रांताच्या शिफारशीनं जाणाऱ्याला आधी तिथल्या एखाद्या प्रांताच्या पसंतीस उतरावं लागतं. मग तो प्रांत तुमचं नाव ओटावाकडे, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारकडे, पाठवतो, आणि कायमच्या वास्तव्याचं काय ते ओटावा ठरवतं. क्यूबेक आपली चूल वेगळी मांडून बसलाय, नुनावुटमध्ये असा कार्यक्रमच नाही. बाकी जवळजवळ सगळे प्रांत माणसं निवडतात. आपण मॅनिटोबा धरू, कारण १९९८ मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात त्यानंच केली.

का केली, हे यवतमाळकराला समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून येणारे सगळे टोरांटोला नाहीतर व्हँकुव्हरला उतरत आणि तिथंच राहत. विनिपेगकडे फारसं कुणी फिरकत नसे. यवतमाळ आणि पुण्याचं जे आहे तेच. आपला जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. असे सत्तेचाळीस जिल्हे मॅनिटोबात सहज मावतील. माणसं मात्र २०११ च्या जनगणनेत आपली २७ लाख ७२ हजार, आणि २०२१ मध्ये त्यांची १३ लाख ४२ हजार. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या विनिपेग शहरात. पोरं निघून जातात म्हणून मॅनिटोबानं योजना काढली. आपल्याकडे पोरं निघून जातात म्हणून ट्रॅव्हल्सवाल्यांनी पुण्याच्या गाड्या वाढवल्या.

पायरी दुसरी: तुम्ही एकच माणूस आहात हे सिद्ध करा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि आधार कार्डावर वडिलांचं नाव गळालेलं. विनिपेगच्या अधिकाऱ्याला हे तीन वेगळे अर्जदार वाटू शकतात. तहसीलसमोर स्टॅम्प पेपर घेऊन 'ही तिन्ही नावं माझीच' असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा. पुढं प्रत्येक टेबलावर ती लागेल.

मग अमरावती. १९८३ नंतर शिकलेल्यांच्या पदव्या तिथल्या विद्यापीठाच्या, त्यामुळे सत्रागणिक गुणांचा उतारा तिथूनच निघायचा. तो विद्यापीठानं स्वतः परदेशी मूल्यमापन संस्थेकडे पाठवायचा असतो, तुमच्या हातून गेलेला चालत नाही. घरच्यांना हा अपमान वाटतो. वाटू द्या.

पायरी दुसरीच, पुन्हा: इंग्रजी

आयईएलटीएसच्या जनरल परीक्षेत वीस मिनिटांत दीडशे शब्दांचं पत्र लिहायचं असतं. विषय साधारण असा: तुमच्या शेजाऱ्याकडून गोंगाट होतो, त्याला विनंतीवजा पत्र लिहा. आपल्याकडे हा प्रश्न गच्चीवरून ओरडून सुटतो, त्यामुळे सवय नसते. सराव करा. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून फार लवकर हुशार होण्यातही अर्थ नाही.

पायरी तिसरी: नातेवाईक मोजा

इथं मॅनिटोबानं आपल्यासारख्यांचा खरा विचार केलाय असं मला वाटतं. इच्छुकांची क्रमवारी १००० गुणांवर लागते. वय २१ ते ४५ असेल तर ७५ गुण. पन्नाशी गाठली की शून्य. विनिपेग सोडून दुसऱ्या गावी राहायला तयार असाल तर ५०. मॅनिटोबात जवळचा मित्र किंवा लांबचा नातेवाईक असेल तर ५०. जवळचा नातेवाईक असेल तर २००, आणि 'जवळचा' यात मामा, काका, मावशी, आत्या, पुतण्या, भाचा, चुलत-मावस भावंडं, सगळे बसतात. ज्यांना आजवर फक्त लग्नपत्रिका वाटताना मोजलं, त्यांची सरकारदरबारी एवढी किंमत दुसरीकडे कुठं झालेली माझ्या ऐकण्यात नाही.

मात्र सावध राहा. मॅनिटोबात कुणी नाही आणि सख्खी आतेबहीण दुसऱ्या प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला आहे, तर १०० गुण वजा. तुम्ही तिच्याकडे पळून जाल हे त्यांनी आधीच ओळखलेलं असतं. दुसऱ्या प्रांतात पूर्वी काम केलं असेल तर तिथंही १०० कापतात. उलट मॅनिटोबात सहा महिन्यांहून जास्त काळ नोकरी सुरू आहे आणि मालक पुढंही ठेवायला तयार आहे, तर एकदम ५००. म्हणजे तिथं जाण्याची सर्वात खात्रीची युक्ती म्हणजे आधीपासून तिथं असणं.

नोकरीचं पत्र विकत देणारे भेटतील. 'भाऊ, गॅरंटी हाय' म्हणतील. मॅनिटोबाच्या कायद्यानं नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेता येत नाहीत, एक डॉलरही नाही. गॅरंटी देणाऱ्याला परवाना क्रमांक विचारा आणि कॅनडातल्या स्थलांतर-सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या यादीत तो आहे का ते पाहा. यादी सर्वांना खुली आहे. अर्ज भरायला एजंट लागतो असंही कुठं लिहिलेलं नाही.

पायरी चौथी: पैसे दाखवा, पण असे नव्हे

सुरुवातीचा खर्च भागेल एवढे पैसे खात्यात आहेत हे दाखवायचं असतं. उसने चालत नाहीत, आणि अचानक आलेली मोठी रक्कम संशयास्पद ठरते. कापूस विकणाऱ्याच्या खात्यात वर्षभर सामसूम असते आणि चुकारे आले की एकदम रक्कम पडते. त्याची संपूर्ण आर्थिक पत ही अशी अचानक आलेली मोठी रक्कमच असते. त्यात शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. बाजार समितीची काटापट्टी, जिनिंगची पावती, सातबारा, आठ-अ, सगळं इंग्रजीत भाषांतरित करून जोडा, सोबत एक पानभर खुलासा. तरीही 'या माणसाला पगारपत्रक का नाही?' असा प्रश्न येऊ शकतो. वडिलांच्या वावरात दहा वर्षं राबल्याचा अनुभव दाखला वडिलांनीच दिला, तर त्याचं वजन किती पडतं हे वेगळं सांगायला नको.

उद्योजकांची वाट निराळी. मॅनिटोबाला पाच लाख डॉलरची मालमत्ता दिसावी लागते, आपल्या तीन कोटींहून पुढं, आणि विनिपेगबाहेर किमान दीड लाखाची गुंतवणूक. शेतीत गुंतवणारांसाठी वेगळी सोय आहे: तीन वर्षं शेती चालवल्याचा अनुभव आणि तीन लाख डॉलर. अनुभव आपल्याकडे सात पिढ्यांचा आहे, अडचण फक्त डॉलरची. तिथलं सरासरी शेत हजार एकरांच्या पुढं, आणि आपल्याकडे कोरडवाहूला कमाल मर्यादाच ५४ एकरांची. कापूस तिथं होत नाही, पण सोयाबीन होतं. म्हणजे भावाबद्दलचं रडगाणं नव्यानं शिकावं लागणार नाही. शेजारच्या सस्कॅचेवाननं अशीच शेती-उद्योजकांची दारं २०२५ मध्ये कायमची बंद केली, तेव्हा त्याची पुस्तिका कुणी अजून विकत असेल तर घेऊ नका.

पायरी पाचवी: दाखवायला जा

काही वेळा गावच माणूस निवडतं. दक्षिण मॅनिटोबातल्या मोर्डननं, लोकवस्ती जेमतेम दहा हजार, अशी स्वतःची योजना चालवली: निवडक इच्छुकांनी स्वखर्चानं यायचं, गाव पाहायचं, मुलाखत द्यायची. थोडक्यात कांदेपोहे, फक्त पोहे तुमच्या खर्चानं आणि नकार ई-मेलनं. 'आमच्याकडे थंडी फार असते, राहाल ना?' असं विचारतात. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जातो. मे महिन्यात पांढरकवड्याला पंचेचाळीस अंशांत एसटीची वाट पाहिली असल्याचं सांगा. त्याचा थंडीशी संबंध नाही, पण सोशिकपणा कळतो.

राहाल ना, हाच या सगळ्या कार्यक्रमाचा गाभा आहे. त्या प्रांतातच राहण्याचा तुमचा इरादा हवा, तसं लिहून द्यावं लागतं. एकदा कायमचा रहिवासी झालात की कॅनडाच्या राज्यघटनेनं कुठंही जायची मुभा आहे. म्हणजे इरादा खरा हवा आणि तो सही करतेवेळी हवा. यवतमाळात थांबायला ज्यानं बारावीनंतर साफ नकार दिला, तो मोर्डनमध्ये आयुष्य काढायचा इरादा शांतपणे लिहून देतो. गंमत म्हणजे तो खोटंही बोलत नसतो.

पायरी सहावी ते अकरावी: थांबा

प्रांतानं नाव सुचवलं म्हणजे व्हिसा लागला असं नव्हे. वैद्यकीय तपासणी, पोलीस दाखला, पुन्हा बोटांचे ठसे. नर्स असाल तर तिथल्या परिषदेची नोंदणी आणखी वेगळी. मधल्या काळात ओटावा आपले आकडे बदलतं: या कार्यक्रमाचं २०२४ चं उद्दिष्ट १ लाख १० हजार होतं, २०२५ साठी ते थेट ५५ हजारांवर आणलं. त्यामुळे गावात पेढे वाटायची घाई करू नका. एकदा वाटले की दर पोळ्याला कुणीतरी विचारणारच, 'काहून बे, गेला नाही का अजून?'

शेवटची पायरी: सातबारा

हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं म्हणून जरा सविस्तर. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला इथं शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते. तेव्हा वडिलोपार्जित जमिनीवर नाव लागलेलं असेल तर ते तसंच राहू द्या. लागायचं असेल तर फेरफार करून घ्या, आणि तो जाण्याआधी करा. निघायच्या आदल्या दिवशी, बॅगा भरून झाल्यावर, थोरला भाऊ चहा घेऊन येईल आणि म्हणेल, 'तू त आता तिकडंच रायणार, मंग हे हक्कसोडपत्र घे, एक सही करून जाय.' कागद तयार असतो, साक्षीदार ओसरीवर बसलेले असतात. सही करू नका. मॅनिटोबाला लिहून दिलंय की कायमचा येतोय. भावाला सांगा, दोन-चार वर्षांत परत येतो. दोन्ही तितक्याच मनापासून सांगायचं, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही.