बेवारस गाडी : ओळख, तक्रार आणि विल्हेवाट

बेवारस गाडी म्हणजे शहरातील सार्वजनिक रस्त्यावर उभी असलेली, न हलणारी आणि दुसऱ्याची मोटार. या व्याख्येतील तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. स्वतःची मोटार कितीही महिने एका जागी राहिली तरी ती बेवारस ठरत नाही. तिची फक्त बॅटरी उतरलेली असते. कायद्याला मात्र हा भेद मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने उचलून नेता येते आणि तो खर्च मालकाच्या माथी बसतो. हे कलम शब्दशः घेतले, तर संध्याकाळी आठला घरी येऊन सकाळी नऊला कामावर निघणाऱ्या गृहस्थाची रस्त्यावरची गाडी रोज सहा ते नऊ बेवारस असते. म्हणून कलम वाचून दाखवण्यापूर्वी तक्रारदाराने आपली गाडी आवारात घ्यावी.

पहिले काम वयनिश्चितीचे. बसलेले टायर, वायपरमध्ये कुजलेली पाने, काचेवरच्या धुळीत बोटाने लिहिलेले 'धुवा' ही लक्षणे प्राथमिक समजावीत. पुण्याच्या धुळीत ती चार दिवसांच्या गाडीवरही दिसतात. खरा भरवशाचा पुरावा म्हणजे बॉनेटवरचा झेंडूचा हार. फुले वाळून तपकिरी झाली असतील तर गाडीची शेवटची पूजा गेल्या दसऱ्याला झाली. नुसता दोरा लोंबत असेल तर त्याआधीच्या. दोराही नसेल तर डांबराकडे वळावे. रस्त्यावर नवा थर टाकताना ठेकेदाराची माणसे गाडीला वळसा घालून पुढे जातात आणि तिच्याखालचा आयत जुन्या पातळीवर राहतो. आयताच्या कडेला दोन थर मोजता आले, तर गाडीने दोन निविदा पाहिल्या असे समजावे.

गाडीचा प्रकार पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, प्रीमियर पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी; तरी या गाड्या घासून-पुसून ठेवणारे लोक आहेत आणि त्यांच्यासमोर 'हे भंगार कुणाचं?' असे विचारल्यास निर्माण होणारा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. कव्हर घातलेली गाडी तर वादात धरूच नये. कव्हर म्हणजे मालक जिवंत असल्याचा दाखला. ते फाटून बंपरला लटकत असेल, तर दाखल्याची मुदत संपली असे मानायला हरकत नाही.

त्यानंतर मालकाचा शोध. अशा गाड्यांना मालक नसतात हा गैरसमज आहे. बहुधा ते गरजेपेक्षा जास्त असतात. मूळ मालक वारल्यावर वारसाने तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दोघे भाऊ आणि एक बहीण यांच्यात फ्लॅटचे वाटप अडलेले असेल, तर या नमुन्यावर सही कुणी करायची हेही अडते, आणि वडिलांची गाडी खाली उभीच राहते. दुसरा प्रकार कर्जाचा : हप्ते कधीच फिटलेले असतात, पण बँकेचा बोजा उतरवण्याचा नमुना ३५ कुणी आरटीओत दिलेला नसतो आणि गाडी विकता येत नाही. तिसरा प्रकार कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याचा. त्याच्याकडे आलेल्या गाड्या 'पार्ट यायचाय' या कारणाने उभ्या असतात. पार्ट येत नाही, दुसऱ्या गाड्या मात्र येतात. चौथा मालक परदेशी असतो आणि दर दिवाळीला 'या वेळी नक्की' असे फोनवर सांगतो. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे, असे कायद्याचे कलम ५५ सांगते. यात 'कायमची' हा शब्द मालकांच्या फार उपयोगाला येतो. आपली गाडी कायमची निकामी झाली असे कोणत्याही मालकाने आजवर मान्य केल्याचे दिसत नाही.

मालक सापडल्यावर काहीजण सौम्य उपाय करून पाहतात. वायपरखाली चिठ्ठी ठेवणे, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव न घेता फोटो टाकणे, 'काही लोकांना समजत नाही' असा मजकूर लिहिणे हे त्यातले. हे उपाय निरुपद्रवी असून त्यांचा उपयोगही तितकाच आहे. पुण्याची प्रसिद्ध 'हवा सोडली जाईल' ही पाटी इथे लंगडी पडते, कारण हवा आधीच गेलेली असते. गाडी सहजी हलवणारी एकच यंत्रणा शहरात आहे, ती म्हणजे गणेश मंडळ. मांडवाच्या जागी उभी असलेली गाडी आठ-दहा मुले संध्याकाळी उचलून पलीकडच्या गल्लीत ठेवतात. त्यासाठी अर्ज लागत नाही. पलीकडच्या गल्लीत मात्र हा लेख पहिल्या परिच्छेदापासून पुन्हा लागू होतो.

अधिकृत तक्रार महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातील अतिक्रमण विभागाकडे, वाहतूक शाखेकडे किंवा पोलीस ठाण्यात करता येते, आणि अनुभवी तक्रारदार ती तिन्हीकडे करतो. तसे न केल्यास तिघांपैकी प्रत्येकजण उरलेल्या दोघांचा पत्ता सांगतो. अर्जात गाडीचा क्रमांक, जवळची खूण आणि तारखेसह फोटो द्यावेत. क्रमांकाची पाटीच गायब असेल तर चासी क्रमांकावरून नोंद शोधणे पोलिसांचे काम आहे; तक्रारदाराने बॉनेट उघडू नये. आत मांजरीची पिल्ले असल्यास तक्रार सोसायटीतच दोन तट पाडते.

अर्जात कारण कोणते लिहावे याला महत्त्व आहे. 'मला गाडी लावायला जागा नाही' हे खरे कारण कधीही लिहू नये. डास लिहावेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि पावसाळ्यात मोडक्या गाडीत असे पाणी साचतेच. कारण शास्त्रीय आहे, खरेही आहे, आणि आरोग्य खाते नावाचे चौथे कार्यालय त्यात ओढता येते. सम-विषम तारखेच्या पार्किंगचा आधार मात्र घेऊ नये. अशा रस्त्यावर न हलणारी गाडी महिन्यातले निम्मे दिवस नियमानेच उभी असते. ३१ तारखेनंतर १ तारीख येत असल्यामुळे तिला कधीकधी लागोपाठ दोन दिवस सवलतही मिळते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर कुंपणालगत गंजत पडलेल्या जप्तीच्या गाड्यांची रांग दिसेल. तिच्याकडे पाहून तोंड उघडू नये. जप्त वाहने ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे. ही माहिती ठाण्यात बसून देणे तक्रारदाराच्या हिताचे नसते.

कारवाई झालीच, तर गाडीच्या काचेवर नोटीस डकवली जाते. मालकाला थोडी मुदत मिळते. या अवधीत परदेशस्थ, वारसाहक्कात अडकलेला किंवा बेपत्ता असा कोणताही मालक अचानक पंप घेऊन उगवतो, दोन चाकांत हवा भरतो आणि गाडी दहा फूट पुढे ढकलतो. गाडी आता चालू स्थितीत समजली जाते आणि दहा तासांची मोजणी नव्याने सुरू होते.

मालक उगवला नाही, तर गाडी महापालिकेच्या आवारात जाते, तिथे आणखी काही काळ उभी राहते आणि शेवटी लिलावात निघते. शहाणा मालक त्याआधीच ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे देतो. १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन भंगार धोरणानुसार त्याला ठेव प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवून नवी गाडी घेताना करात सवलतही मिळते. ही नवी गाडी कुठे उभी राहील, याबद्दल धोरण काही बोलत नाही. शेजाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक असते.

रिकामी झालेली जागा तक्रारदाराला मिळते, ही समजूत निराधार आहे. उचल गाडी कोपऱ्यावरून वळण्याआधी तिथे कुणीतरी सिमेंट भरलेला रंगाचा डबा आणून ठेवतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तसा. डबा ठेवणारा बहुधा तोच असतो ज्याने अर्जावर सही द्यायला नकार दिला होता. डब्याविरुद्ध तक्रार अतिक्रमण विभागाकडेच करता येते. रस्ता मात्र महापालिकेचा असून, उचलून नेलेल्या गाडीच्या जागेवर हक्क सांगण्यासाठी कोणत्याही कार्यालयात छापील अर्ज मिळत नाही.