मिठाचा पुडा

आमच्या कळस गावात माणूस भेटला की तब्येतीआधी दुधाची फॅट विचारतात. “किती लागली?” याला “साडेतीन” असं उत्तर आलं, तर मंडळी सुखात आहेत असं समजायचं. त्याखाली गेली तर गाय, पेंड, डॉक्टर किंवा सेंटरवरचं मशिन, यांतलं कुणीतरी बदमाश असतं. आपण सोडून.

माझी आजी दुधात पाणी कधीच घालत नसे. ती फक्त किटली विसळून घेई, आणि विसळलेलं पाणी टाकून द्यायचं पाप तिच्या हातून होत नसे. सेंटरवर लॅक्टोमीटर आला तेव्हा ती आधी साय काढायला लागली. साय काढली की दूध जड होतं, पाणी घातलं की हलकं. दोन्ही बेतानं केलं की डिग्री जिथल्या तिथं. आर्किमिडीजला यासाठी न्हाणीत उतरावं लागलं, आजीचं चुलीपुढं बसून भागलं. फॅटचं मशिन आलं त्या दिवशी मात्र ती मनापासून दुखावली. “मान्सावर इस्वास म्हून राह्यला न्हाई,” म्हणाली.

अशा घरात जन्मून मी ग्राहक चळवळीत पडलो, तो एका २४ डिसेंबरमुळं. १९८६ चा ग्राहक कायदा या तारखेचा, म्हणून हा राष्ट्रीय ग्राहक दिन. तालुक्याला कार्यक्रम होता आणि चहाही. वक्त्यांनी बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीपासून सुरुवात केली, ती इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी शिक्का लागतो इथवर आणली. वैधमापनाचा नवा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, हे सांगितल्यावर मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून त्याच्याकडं रागानं पाहिलं. मी तोवर पेटलो होतो.

दुसऱ्या दिवशी एक किलो मिठाचा पुडा घेतला आणि गावातले काटे तपासायला निघालो.

किराणा दुकानात पुडा भरला एक किलो सहा ग्रॅम. सहा ग्रॅम प्लास्टिकचे. शिक्क्याचं प्रमाणपत्र लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी, त्याच वर्षाचं. माझा विरसच झाला. मोहिमेवर निघालेल्या माणसाला पहिल्याच दारात प्रामाणिक दुकानदार भेटू नये.

चिकनच्या दुकानात तोच पुडा एक किलो पंचावन्न झाला. “मीठ सादळलं असंल,” दुकानदार म्हणाला. मग भंगारवाला आला. त्याच्या स्प्रिंगच्या काट्याला पुडा अडकवला, तर आठशे ऐंशी. मी त्याला कायदा सांगितला. तो गरिबीनं म्हणाला, “दादा, काटा पन भंगारातच घावलाय.”

तिथं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्याला विकायचंय त्याच्याकडं मीठ जड होतं आणि ज्याला घ्यायचंय त्याच्याकडं हलकं. हे आजीच्या तोडीचं होतं.

दूध सेंटरवर काट्यानं नुसतं १.० दाखवलं. तो शंभर ग्रॅमखाली काही मोजतच नव्हता. म्हणजे आठ किलो चारशे नव्वद दूध घातलं तर आठ किलो चारशेच लागणार. सरासरी पन्नास ग्रॅम धरले, तरी दोन वेळचे मिळून वर्षाला साडेछत्तीस किलो दूध जातं, तेही एका घराचं. दहा ग्रॅमचा काटा द्या, ही दूधवाल्यांची मागणी उगाच नाही. मी आकडा सांगितल्यावर सेंटरवाला म्हणाला, “अन् तुमच्या आजीनं घातलेलं पानी कुनाच्या खात्यावर टाकू?” मी पुडा उचलला.

साखर कारखान्याच्या उसाच्या वजनकाट्यावर पुडा नेण्यात अर्थ नव्हता. त्या काट्याला आख्खी गोणी कळत नाही, तिथं मीठ काय कळणार! काटामारीची ओरड आमच्याकडं गाळप हंगामाइतकीच जुनी. म्हणून आमचे आबा आधी बाहेरच्या काट्यावर ट्रॉलीचं वजन करून घेतात आणि पावती खिशात ठेवतात. त्या वेळी ते स्वतः ट्रॉलीला टेकून काट्यावरच उभे असतात, हे मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा दिसलं.

रात्री हे सगळं भाच्याला सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणून त्याला दया येत नाही. म्हणाला, “मामा, एक किलोच्या पुड्यात पंधरा ग्रॅमपर्यंत कमीजास्त नियमातच बसतं. तुमचा पुडा तरी खरा कशावरून?” पुढं म्हणाला, जगाचा किलो म्हणजे १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्रला काचेच्या झाकणांखाली, कुलपात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. शंभर वर्षांनी त्याच्या जुळ्या भावंडांशी ताडून पाहिला, तर त्यांच्यात नि त्याच्यात पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला. शेवटी २० मे २०१९ ला त्याला निवृत्त केलं. मला फार बरं वाटलं. कुलपात ठेवलेल्याचं हे, मग आमचा चिकनवाला तर उघड्यावर बसतो.

“आपला काटा बघितला का?” भाच्यानं विचारलं.

आपला काटा म्हणजे रस्त्याकडेला ज्यावर आम्ही पेरू विकतो तो. बघितला नव्हता. बॅटरीच्या उजेडात पुडा ठेवला. एक किलो सत्तर. चिकनवाल्यापेक्षा पंधरा ग्रॅम जास्त.

भाचा काही बोलला नाही. मी आबांकडं गेलो. ते अंथरुणावर पडून रेडिओ ऐकत होते. म्हटलं, “आबा, उद्याच काटा दुरुस्तीला न्यायचा आणि शिक्का मारून आणायचा.”

आबांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

“नेऊ की,” म्हणाले. “येवढा पेरू संपू दे.”