कंबर, मु. पो. सिरोंचा

बेली डान्स शिकायला सिरोंचासारखं गाव नाही. आलापल्लीहून सुटणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर बसायचं, बस्स. जंगलातून येणारा तो शंभरेक किलोमीटरचा रस्ता प्रवाशाची कंबर अशा दिशांना फिरवतो की कैरोच्या नर्तकीनेही वही काढून टिपून घ्यावं. सिरोंचाला उतरेपर्यंत माणूस अर्धा तयार झालेला असतो. उरलेलं अर्धं शिक्षण पुरं करायचा मी घाट घातला.

मी शाळेत शिकवते. वय पन्नाशीच्या अलीकडे, वजन सत्तरीच्या पलीकडे. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा नातेवाइकांनी माझी अंदमानला पाठवणी होत असल्याच्या थाटात डोळे पुसले. कोथरूडची भाची तेवढी खूश होती. "मावशी, तिकडे वेळच वेळ असेल, काहीतरी शीक," असं म्हणून तिने स्वतःच्या बेली डान्सच्या क्लासमधला नाण्यांचा कंबरपट्टा माझ्या बॅगेत कोंबला आणि मोबाइलवर व्हिडिओंची रांग लावून दिली.

मास्तरकी हाडात मुरलेली, त्यामुळे नाचण्याआधी अभ्यास. या नाचाला अरबीत रक्स शर्की म्हणतात. बदिया मसाबनी नावाच्या बाईंनी १९२६ साली कैरोत नाचगाण्याचा क्लब काढला आणि आज रंगमंचावर दिसतो तो थाट बराचसा तिथे घडला. सामिया गमाल, तहिया कारिओका या तिथल्याच. अमेरिकेला हा नाच कळला तो १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले तेही त्याच साली, त्याच शहरात; कोणी काय पाहून आलं हे ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर. आपल्याकडे म्हणाल तर १९७५ च्या 'शोले'तली हेलन.

नाचाचं मर्म एवढंच की बाकी देह स्थिर ठेवून पोट आणि कंबर तेवढी हलवायची. माझं नेमकं उलट व्हायचं. दंड हलत, हनुवटी हलत, पलंगाजवळचं टेबल हलत, कंबर तेवढी जागची हलत नसे. त्यात नेटवर्क. नर्तकी एक पाय उचलून कंबर वळवायला लागली की पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागे आणि ती तशीच थिजून जाई. मीही एका पायावर थांबून राही. आमचं दोघींचं जुळायचं ते तेवढ्यापुरतंच.

पोटाची लाट शिकायच्या दिवशी शेजारच्या अक्कांनी मला खिडकीतून पाहिलं. घरात तेलुगू बोलणाऱ्या, माझ्याशी मराठी बोलणाऱ्या, मनाने अतिशय प्रेमळ बाई. दोन्ही हात पोटावर, डोळे मिटलेले, ओठ घट्ट दाबलेले, हा माझा अवतार. पाच मिनिटांत त्या गरम पाणी आणि मूठभर ओवा घेऊन दारात. "टीचरम्मा, गॅस आहे. चावून गिळा." नाच आहे हे सांगण्यापेक्षा ओवा चावणं सोपं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत तीन मुलींनी 'बाई, पोट कसं आहे?' म्हणून विचारलं आणि वरिष्ठांनी न मागता अर्धी रजा दिली. रजा घेतली. सराव हवाच होता.

कंबरपट्टा बांधला त्या संध्याकाळी मात्र हद्द झाली. नाणी खुळखुळायला लागली आणि अक्कांच्या शेळ्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची म्होरकी गळ्यात तसलीच घंटी घालते. मी डावीकडे सरकले की त्या डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे. गावात मला मिळालेला पहिला शिष्यवर्ग तो.

शेळ्या हाकायला आलेल्या अक्कांनी पट्टा पाहिला आणि त्यांना सगळं उमगलं. रागावल्या नाहीत. "नाचायचंय ना? मग एकटं कशाला? अमावास्येला या," म्हणाल्या.

सर्वपित्री अमावास्येपासून इथे बतुकम्मा बसते. पलीकडच्या तेलंगणाने २०१४ साली तिला राज्याचा सण केलं. अलीकडे सिरोंचात तिला शासकीय शिक्क्याची गरज कधी पडली नाही. कुरडूचे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, शेवंती थरावर थर रचून फुलांचा निमुळता ढीग करायचा, वर हळदीची गौरम्मा. मध्ये हे ढीग, भोवती बायकांचं रिंगण, आणि टाळ्या वाजवत गाणं. मी पाटावरच्या हत्तीभोवती भोंडला खेळून मोठी झालेली. यात काय अवघड, म्हणून ऐटीत रिंगणात शिरले.

पाऊल बाजूला, कमरेत वाकून टाळी, उठून गिरकी, पुन्हा टाळी. एवढंच. फक्त तास-दीड तास, न थांबता. क्लासमध्ये आरसा असतो, मोजणारी बाई असते, पाणी प्यायला सुट्टी असते. इथे यातलं काही नाही, आणि बघे नसल्यामुळे लाजून बाजूला बसायची सोयही नाही. सगळ्या वाकल्या की मी ताठ, सगळ्या डावीकडे वळल्या की मी उजवीकडे, म्हणजे दर गिरकीला मागच्या बाईच्या नाकाला माझं नाक. माझ्या पुढे साठी ओलांडलेल्या एक अम्मा होत्या. त्यांच्या कमरेला बिजागरी बसवलेली असावी.

मग एका टाळीला मी वाकले आणि वाकलेलीच राहिले. कंबर धरली. रिंगण कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे फुलांकडे तोंड करून, कमरेत काटकोन करून मी एक अख्खा फेरा पुरा केला. सिरोंचाच्या आसपासच्या खडकांत डायनासोरची हाडं सापडतात, वडधमला जीवाश्म उद्यान आहे. माझी रवानगी तिकडे करायला हरकत नव्हती. पण रिंगणातल्या म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून आले. परक्या मुलखातली बाई, आणि गौरम्मापुढे मान वर करत नाही, केवढी भक्ती! एकीने माझ्या कपाळाला हळद लावली. ती लावायला बिचारीला खाली बसावं लागलं.

सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते, त्या दिवशी ती रचतच नाहीत. हा दिवस कोणी योजला असेल त्याला माझा दंडवत, अर्थात मनातल्या मनात, कारण प्रत्यक्ष घालण्याजोगी स्थिती नव्हती. अक्कांनी बाम चोळला आणि गिरकी कुठून घ्यायची ते मी पलंगावर पडून असताना बोटांनी दाखवलं. शेवटच्या दिवशी प्राणहितेवर फुलं सोडायला मी चालत गेले, मलिदा आणि चिंचेचा भात भरपेट खाल्ला आणि त्या रात्री चार फेरे बिनचूक केले, असं माझं मत आहे. अक्का दोन म्हणतात.

बेली डान्स सुटला तो सुटलाच. कंबरपट्टा अक्कांनी मागून नेला आणि आता तो म्होरक्या शेळीच्या गळ्यात आहे. कळप पूर्वीपेक्षा वेळेवर घरी येतो. तुम्हाला यायचं असेल तर सर्वपित्रीच्या आत या, मुक्कामाला माझं घर आहे. फक्त रिंगणात माझ्या मागे उभं राहू नका.