पडद्याला काठ

"वहिनी, तुमचं पडदं असं वर खोचून का उभं ऱ्हायल्यात? नदीला पाणी आलंय का काय?"

सकाळी सातला मेंदीच्या कुंपणापलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी चहा गाळत होते. आमच्या दोन घरांच्या मधे मेंदी आहे आणि बरोबर बाहेरच्या नळासमोर तिला एक फट आहे. ती कुणी मुद्दाम पाडलेली नाही. विरजण, कढीपत्ता, अर्धी वाटी साखर अशी वर्षानुवर्षं ये-जा होऊन पडली. त्या फटीतून शेजारच्या आक्कांना माझी पुढची खिडकी दिसते. आणि त्या दिवशी खिडकीतले पडदे चौकटीच्या खालच्या कडेपासून चांगले तीन इंच वर लोंबत होते.

चूक माझीच. इचलकरंजीला लग्नाला गेले होते. आता मागांच्या गावाला जाऊन हात हलवत परत यायचं म्हणजे पाप, म्हणून सुती कापड घेऊन आले. खिडकी मोजली. उंची पाच फूट, वर दांडी घालायला नेफा तीन इंच, खाली दुमडायला चार इंच, आणि रुंदीला खिडकीच्या दुप्पट कापड, म्हणजे चुण्या भरघोस पडतात. सगळं वहीत लिहून काढलं. राहिलं एवढंच, की कापड आधी पाण्यातून काढायचं. विणताना आणि खळ-इस्त्री करताना कापड ताणलेलं असतं. पहिलं पाणी लागलं की धागा आपल्या मूळ मापावर येऊन बसतो. पाच फुटांत तीन इंच, म्हणजे शंभराला पाच. पडदे लावले तेव्हा खिडकीच्या मापात चोख होते. पहिल्या धुण्यात त्यांनी मला तोंडघशी पाडलं.

"नवं कापाड आन् नवा जावई," आक्का म्हणाल्या, "एकदा पाण्यातनं काढल्याबिगार माप सांगू नये."

"आता काय करू? खालची पट्टी उसवू?"

"उसवून वळ दिसंल की. दुमडलेल्या जागी रेघ ऱ्हाती, ती काय जात न्हाई. थांबा जरा."

त्या आत गेल्या आणि फटीतून एक गुंडाळी पुढे आली. इरकली लुगड्याचा काठ, गोमीचा, डाळिंबी. लुगडं केव्हाच विरून गेलेलं, काठ मात्र शाबूत. लुगड्याचं असंच असतं, मधला भाग आधी जातो आणि काठ माणसांपेक्षा जास्त जगतो. मला तो जुना काठ नव्या पडद्याला लावायला धाकधूक वाटत होती. पण आक्कांचा हिशेब पक्का होता. काठ पन्नास वेळा धुतलेला, त्याला आकसायचं तेवढं तो आकसून बसलाय. पडदाही आता आकसून झालाय. दोघांची भांडणं होणार नाहीत. नवा काठ लावला असता तर पुढच्या धुण्यात तो आखडून पडद्याला खालून सुरकुत्या पडल्या असत्या.

काठ मी मशीनवर लावायला बसले, तर मशीन टाके सोडायला लागलं. चार टाके नीट, पाचवा गायब. दोरा बदलला, बॉबिन पुन्हा भरली, टेन्शन सैल केलं, घट्ट केलं, तेल घातलं. दुपार गेली. शेवटी सुई काढून बघितली तर तिची सपाट बाजू उलटी बसवलेली! घरच्या मशीनच्या सुईला वरच्या जाड भागात एक बाजू चपटी असते, ती ठरल्या दिशेलाच बसली पाहिजे. नाहीतर खालच्या शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडतच नाही. ही सुई मी स्वतःच आदल्या आठवड्यात बदलली होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

आमच्या घरातल्या दुसऱ्या कारागिराबद्दल थोडक्यातच सांगते, नाहीतर ते चिडतील. पडद्याची दांडी बसवायची म्हणून ह्यांनी ड्रिल मशीन आणलं. प्लग सहा मिलिमीटरचा, भोक पाडलं आठच्या बिटने. स्क्रू फिरवला की प्लगही त्याच्याबरोबर गरगर फिरतोय. शिवाय पहिलं भोक स्विचबोर्डच्या सरळ वर धरलं होतं. वायरी तिथूनच भिंतीतून खाली उतरतात हे मी ओरडून सांगितलं म्हणून वाचलो. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण नळाचा वायसर मात्र ते झकास बदलतात. वरचा कॉक बंद करून, पान्ह्याने सोडवून, आट्यांवर टेफलॉन टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळून. उलटी गुंडाळली तर पिळताना ती गोळा होऊन बाहेर येते. पूर्वीचे लोक सुतळीचे धागे आणि सफेदा लावायचे, असं ते दर वेळी सांगतात. मी दर वेळी "हो का" म्हणते.

तर काठ लावलेले पडदे टांगले आणि आक्का बघायला आल्या. बघितलं, हात लावला, उलटा करून टाका बघितला. कुठलंही कापड त्या आधी उलटं करतात. सुलट बाजू लोकांसाठी असते म्हणे.

"त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी वाकळ आणलीया, कळलं का?"

कळलं होतं. सगळ्या गल्लीला कळलं होतं. पुण्याच्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणली, आणि सोफ्याच्या पाठीवर घडी घालून ठेवली आहे. वाकळ अंगावर घ्यायची नाही, बघायची. याच बाईंनी बंगल्यात राहायला आल्यावर सासूबाईंच्या तीन वाकळा भंगारवाल्याला दिल्या होत्या, हे आक्का विसरलेल्या नाहीत. हळदीकुंकवाला गेल्यावर त्यांनी काय केलं असेल? बाई सरबत आणायला आत गेल्या तेवढ्यात कोपरा उलटा केला.

"मशीनचा टाका हो, वहिनी! येका रेघंत, सुतात धरल्यावानी. आन् ठिगळं मंजी छापील ठिगळं! वर चौकोन दिसत्यात, हात फिरवला तर जोड न्हाईच. ताग्याचं येक कापाड, त्याच्यावर ठिगळांचं चित्र!"

हसू आवरेना. पण आक्का हसत नव्हत्या. त्यांना खरोखर राग आला होता, मापात मारल्याचा येतो तसला.

त्यांची वाकळ अशी नसते. उन्हाळ्यात ओसरी झाडून, आधी जुनं लुगडं जमिनीवर अंथरतात, चार कोपऱ्यांवर चार दगड. त्यावर आतला भर, म्हणजे धोतराचे तुकडे, शर्ट, परकर, सगळं उसवून सपाट केलेलं. शिवणीची जाड कड, गुंडी, हुक काहीही आत राहता कामा नये, नाहीतर सुई मोडते आणि निजलेल्या माणसाला टोचतं. वरून दुसरं लुगडं. मग कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनी फेर धरत आत यायचं. प्रत्येक फेऱ्याला तळहाताने कापड आत सारत जायचं, नाहीतर शेवटी मधोमध फुगा उरतो आणि तो कुणाच्या बापाला बसत नाही. टाका तांदळाएवढा. गाठ दोन थरांच्या मधे लपवायची. दोरा हाताच्या लांबीपेक्षा जास्त घ्यायचा नाही, लांब दोऱ्याचा गुंता सोडवण्यात बाईचं आयुष्य जातं. आणि नायलॉन बाद. नायलॉनचं लुगडं घसरतं, घाम पीत नाही, थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम लागतं. "निर्लज्ज कापाड" हा आक्कांचा शब्द.

२०१९ च्या ऑगस्टात आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आमच्या गल्लीत छातीभर पाणी होतं. पाणी ओसरल्यावर घरं उघडली तेव्हा फ्रिज आडवा पडलेला, गव्हाची कणगी फुगून फुटलेली, आणि आक्कांच्या फडताळात सासूबाईंच्या हातची वाकळ गाळ पिऊन बसलेली. कोरडी असताना ती मी एका हाताने उचललेली आहे. त्या दिवशी आम्हा चौघांना हलेना. ओढत आणून मेंदीवर टाकली, मेंदी त्या बाजूने अजून वाकडी आहे. सगळे म्हणाले, टाकून द्या. आभाळच फाटलंय तिथं ठिगळाची कसली काळजी. आक्कांनी पाच दिवस नळाखाली ती धुतली आणि सहाव्या दिवशी ओसरीवर बसून ब्लेडने टाका टाका उसवली. आतला भर कुजला होता, तो गेला. वरचं लुगडं राहिलं, आणि एका धोतराचा पंचाएवढा तुकडा. ते दोन्ही आता नव्या वाकळेत आहेत. कुठे आहेत ते त्या बोट ठेवून दाखवतात. वरून काहीही दिसत नाही.

सध्या नातीच्या बाळंतपणाची तयारी चालू आहे. दुपटी चार झाली, कुंची व्हायची आहे. ती खणाची, डोक्यावर टोपरं आणि पाठीवर झूल. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये बाळाला कुंची कोण घालणार, असं मी एकदा बोलून गेले. "फोटोला तर घालतील," आक्का म्हणाल्या. दुपट्यांचं कापड मात्र नवं चालत नाही, पुष्कळदा धुतलेलं, मऊ सूतच हवं. त्यासाठी गल्लीतल्या प्रत्येक वाळत घातलेल्या कपड्यावर त्यांची नजर आहे. कुणाकडे सुती वापरतात, कुणाकडे मिसळ आहे, कुणी मापापेक्षा जास्त नीळ घालतं, सगळं पाठ.

त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. मोतीबिंदू एका डोळ्याचा काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. म्हणून सकाळी चहाच्या आधी फटीतून एक चिंधी येते, तिला दहा सुया टोचलेल्या. मी दहाही ओवून, दोरे एकमेकांत अडकू नयेत म्हणून चिंधीलाच गुंडाळून परत देते. दुपारी चारपर्यंत त्या संपतात. सुट्टीच्या दिवशी वीस येतात.

परवा चिंधी देताना आक्का लगेच वळल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे दोरीकडे बघत होत्या. तिथे ह्यांचा आकाशी रेघांचा शर्ट वाळत होता, बारा वर्षांचा, कॉलर दोनदा उलटवून शिवलेली, हातात घेतला तर साय वाटावी इतका मऊ.

"वहिनी, शंभर टक्के सूत हाय न्हवं त्यो?"

"हो."

"कवा फाटंल?"

हे आत पेपर वाचत होते. खिडकी उघडी होती, पडदा सरकवलेला होता. त्या दिवसापासून तो शर्ट मागच्या अंगणात वाळतो.