शटडाऊन

बोईसरच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी प्लँटवाला असतोच. तारापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत निम्मं आयुष्य शिफ्टमध्ये काढलेला. त्याच्या घरात काही बिघडत नाही, ब्रेकडाऊन होतं. मिक्सर ट्रिप होतो, कुकर प्रेशर घेत नाही, आणि मुलाची गणितात दांडी उडाली की रूट कॉज शोधला जातो.

गाडी जुनी, डिझेलची. फिल्टर तो पालघरहून आणतो. बोईसरलाही तोच मिळतो, पण लांबून आणलेल्या मालावर त्याचा विश्वास जास्त. फिल्टर बदलायचा म्हणजे शटडाऊन. आदल्या रात्रीच घरच्यांना नोटीस. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, चावी खिशात, स्टिअरिंगला ‘काम चालू आहे’ची पाटी. सांडणारं डिझेल धरायला स्वयंपाकघरातली परात लागते, म्हणून परमिटवर बायकोची सही.

मग जमलेल्या पोरांना टूलबॉक्स टॉक. “डिझेलपेक्षा पाणी जड. ते फिल्टरच्या तळाशी बसतं. पुढे गेलं की इंजेक्टर खलास! आमचा रिॲक्टर सहा बारवर चालतो, इथे कॉमन रेलमध्ये हजाराच्या वर!”

“अहो, मेकॅनिकला बोलवा ना,” गॅलरीतून सूचना येते.

“१९६९ साली देशातली पहिली अणुवीज ह्या तारापुरात तयार झाली, आणि मी फिल्टर बदलायला बाहेरचा माणूस आणू?”

अणुकेंद्राच्या गेटच्या आत तो स्वतः कधी गेलेला नाही, पण ते विचारायचं नसतं.

काम मात्र देखणं करतो, हे मान्य करायलाच हवं. पाईप काढण्याआधी फोटो, येणाऱ्या-जाणाऱ्या लाईनीला वेगळ्या रंगाची टेप, उघड्या तोंडांना टोपणं. जुन्या फिल्टरमधलं पाणी बाटलीत भरून वर तारखेचं लेबल. ही बाटली पुढे कित्येक महिने फ्रीजवर असते आणि पाहुण्यांना दाखवली जाते. नवा फिल्टर बसतो, क्लिपा लागतात, पोरांना मागे सरकवून तो सेल्फ मारतो.

खर्रर्र. गाडी ढिम्म. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. बॅटरीचा आवाज बसत जातो.

एअर! कोरडा फिल्टर बसवला की लाईनीत हवा राहते आणि डिझेल पुढे सरकत नाही. कंपनीत पंप प्राइम न करता चालू केला म्हणून ह्याच माणसाने हेल्परांची सालटी काढलेली आहेत.

शेवटी चिल्हार रोडवरच्या गॅरेजमधला पोरगा येतो. तोंडात मावा, पायात स्लिपर. फिल्टरजवळचा रबरी हातपंप कडक होईपर्यंत दाबतो, सेल्फ मारतो. गाडी सुरू.

“काका, एअर होती.”

काका त्याच्या पायांकडे बघतात. “सेफ्टी शूज कुठायत?”

संध्याकाळी रजिस्टरमध्ये नोंद होते : काम पूर्ण. विलंबाचे कारण – बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरकडे पीपीई नव्हते.