जुना पिकअप नवा करण्याचा शास्त्रोक्त विधी

जुना पिकअप दुरुस्त करायला हत्यारे लागतात, हा पसरवलेला गैरसमज आहे. हत्यारे शेजाऱ्याची चालतात. खरी गरज असते ती छप्पर असलेल्या जागेची, घरात कोणी न उघडणाऱ्या एका कपाटाची आणि ‘येत्या दिवाळीला रस्त्यावर आणतो’ हे वाक्य दरवर्षी न अडखळता म्हणण्याच्या सरावाची. एवढी सोय झाली की साधकाने वाहनाकडे वळावे.

नवशिक्याला शेवरलेचा ३१०० हा अर्धा टनी पिकअप मानवतो. अमेरिकेत ही मालिका १९४७ च्या उन्हाळ्यात आली आणि मार्च १९५५ पर्यंत टिकली. शेतकरी, सुतार, दुकानदार अशा सगळ्यांनी ती इतक्या संख्येने घेतली की तिचे सुटे भाग आजही नव्याने बनवून विकले जातात. धोका आहे तो इथेच. भाग मिळाले नसते, तर निम्मे साधक पहिल्या महिन्यातच शहाणे झाले असते.

पायरी पहिली : निवड

विकणारा सांगेल ते साल शांतपणे ऐकून घ्यावे आणि गाडीला विचारावे. पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, बाकाच्या पाठीमागे असेल तर गाडी १९४९ च्या अलीकडची. दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी काच उघडत असेल तर १९५१ च्या अलीकडची. दाराच्या मुठीला दाबायचे बटण असेल तर १९५२ च्या. समोरची काच अखंड असेल आणि जाळीत पाच आडव्या पट्ट्यांऐवजी एक जाडजूड दांडा असेल तर १९५४ च्या. एकाच गाडीत हे पुरावे एकमेकांशी भांडू लागले तरी दचकू नये. शेतावरचा पिकअप मोडला की दुसऱ्या मोडक्याचे दार किंवा तोंड त्याला लावत. साधक १९५० ची गाडी विकत घेतो तेव्हा बरेचदा तीन गाड्या विकत घेतो.

खिशात लोहचुंबक असावा. केबिनच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर आणि मडगार्डच्या तळाशी तो फिरवावा. चिकटला तर तिथे पत्रा आहे. घसरून पडला तर तिथे लांबी भरली आहे, आणि ती भरणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही.

पायरी दुसरी : खोलणे

खोलायला सगळ्यांनाच येते. प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावावी, प्रत्येक सांध्याचा फोटो घ्यावा, असे ग्रंथ सांगतात. पहिल्या दिवशी साधक हे सगळे करतो. दुसऱ्या दिवशी ‘हा तर लक्षात राहीलच’ असे म्हणतो. कपाट लागते ते यापुढे.

गंजलेला बोल्ट ताकदीने सुटत नाही, तुटतो. त्यावर तेल सोडून रात्रभर थांबावे, मग तापवावे, मग हलकेच हलवावे. तापवताना पेट्रोलची टाकी बाकामागेच आहे, हे आठवावे. हे वाक्य विनोदाचे नाही. टाकी आधी बाहेर काढावी.

पायरी तिसरी : गंज

या बाबतीत साधकांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ गंजका पत्रा कापून नवा वेल्ड करतो, घासतो, प्रायमर मारतो आणि फॉरेस्टर ग्रीन या मूळच्या गडद हिरव्या रंगापर्यंत येतो. दुसरा पंथ गंजालाच दागिना मानतो. उन्हाने उडालेला रंग, दारावरचे पुसट झालेले दुकानाचे नाव आणि तांबूस डाग जसेच्या तसे ठेवून तो वरून उकळलेले जवसाचे तेल चोळतो. पहिला पंथ गंज घालवायला पैसे देतो, दुसरा गंज राखायला. रक्कम साधारण सारखीच होते. तेलाच्या चिंध्या मात्र कोणत्याही पंथाने बोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात.

पायरी चौथी : इंजिन आणि वीज

१९५४ च्या आधीच्या गाडीचे मूळ इंजिन २१६ घनइंचाचे, म्हणजे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट हा मऊ धातू ओतलेला असतो आणि रॉडच्या बुडाशी असलेली पळी तेल उडवून घेते. तेलाच्या दाबाचा काटा ३० पौंडांपर्यंतच जातो आणि बहुधा त्याच्या निम्म्यावर रेंगाळतो. आजच्या गाडीची सवय असलेला साधक तो पाहून गाडी बाजूला घेतो. घेऊ नये. या इंजिनाची प्रकृतीच तशी आहे. बाजूला घ्यावी ती हायवेवर तासन्‌तास पळवायची लहर आल्यावर, कारण त्या छळाने बॅबिट फुटते आणि ते नव्याने ओतून देणारा कारागीर शोधण्यात पुढचा हंगाम जातो.

वीज सहा व्होल्टची. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीची केबलही जाड लागते. साधक दुकानातून आजच्या गाडीची सडपातळ केबल आणतो, इंजिन कण्हत फिरते, आणि दोष सहा व्होल्टला मिळतो. वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते आणि भर पावसात वायपर विश्रांती घेतो. पाय किंचित उचलावा, दोन फटकारे मिळवावेत, पुन्हा दाबावा. या व्यायामाची स्वतंत्र फी नाही.

हे सोसत नसेल तर आधुनिकांचा मार्ग आहे. जुनी केबिन उचलून एस-१० या १९८२ सालापासून निघालेल्या छोट्या पिकअपच्या चासीवर ठेवावी. ब्रेक लागतात, स्टिअरिंग वळते, आणि जी गाडी वाचवायची होती तिचा खालचा सगळा भाग भंगारात जातो.

पायरी पाचवी : हौदा

कारखान्यातून हौद्यात लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये लोखंडी पट्ट्या येत. फळ्या साध्या रंगवलेल्या असत, कारण त्यांवर खत, विटा आणि डुकरे जायची होती. साधकाने तिथे ओक वापरावे आणि वार्निशचे थर चढवावेत, इतके की त्यात स्वतःचा चेहरा दिसेल. त्यानंतर हौद्यात काहीही ठेवू नये. शेजारी घर बदलताना फ्रिज न्यायला गाडी मागतील. त्यांना टेम्पोवाल्याचा नंबर द्यावा.

पायरी सहावी : कागदपत्रे

महाराष्ट्राला ही जात परकी नाही. १९२८ ते १९५४ जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला होता आणि तिथे शेवरलेच्या मोटारी आणि ट्रक जोडले जात. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून अशा कित्येक जुन्या गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. इथल्या साधकाने म्हणूनच बॉनेट आधी उघडावे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या, खाजगी वापराच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात आणि ती दहा वर्षे चालते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. एस-१० वाल्यांनी इथे अर्ज करू नये.

क्रमांक मिळाला म्हणजे रोज बाजारात जाता येते, असेही नाही. नेहमीच्या वापराला आणि धंद्याला बंदी आहे. प्रदर्शन, रॅली आणि तांत्रिक अभ्यासाखेरीज गाडी रस्त्यावर आणायला परवानगी आहे ती दोन कारणांसाठी : पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला.