दुखणाईतांसाठी पूर्वज-वाचन : साहित्य आणि कृती

मुदतीचा ताप उतरला की माणसाला दोन इच्छा होतात. एक, काहीतरी चमचमीत खावं. दुसरी, आयुष्य मुळापासून बदलावं. पहिली घरचे पुरी होऊ देत नाहीत. दुसरीला कुणाचीच हरकत नसते, कारण तिला अंथरुणातून उठावं लागत नाही. त्यात प्रत्येक दुखण्याला एक काका भेटायला येतातच. ते मोसंबी सोलतात, निम्मी स्वतः खातात आणि विचारतात, "आपले पूर्वज कुठे असे आजारी पडायचे?" या प्रश्नाने ज्यांची झोप उडाली आहे, अशा नवशिक्यांसाठी ही कृती.

साहित्य

अशक्त देह एक (तीन आठवडे टायफॉइडमध्ये मुरलेला असल्यास उत्तम; सर्दीचा घेतल्यास वैराग्य नीट चढत नाही). उशा दोन. चष्मा. वाटीभर पेज, वर चिमूटभर मेतकूट. अँटिबायोटिकचं पाकीट उशीखाली सरकवून ठेवा. वाचताना ते डोळ्यांसमोर असलं की मनाची एकाग्रता होत नाही.

पायरी १ : पुस्तक पेलून पाहा

उताणे झोपून पुस्तक चेहऱ्यावर धरा. दोन पानं होण्याआधी ते नाकावर पडलं, तर अजून चार दिवस पेजच बरी. मनगटं स्थिरावली, की त्रिंबक नारायण आत्रे यांचं १९१५ सालचं 'गावगाडा' घ्या. गावात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, सगळे हाताशी आणि त्यांचं बलुतं धान्यात चुकतं होतं, एवढं वाचून डोळे मिटा आणि घरपोच सेवा ही आपल्याच पूर्वजांची कल्पना, असा अभिमान बाळगा. ते बलुतं कुणाला किती मिळे, कुणाच्या वाट्याला कुठली कामं येत आणि ती नाकारायची सोय कुणाला होती, हे मात्र ताकद आल्यावर वाचा. अशक्तपणात अभिमान लवकर पचतो. हा भाग जड जातो.

पायरी २ : फेऱ्या मारा

डॉक्टरांनी घरातल्या घरात चालायला सांगितलं असेल, तर सोबत गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' न्या. वरसईचे विष्णुभट कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले आणि परत आले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन. बेडरूमपासून गॅलरीपर्यंत जाताना तुम्हाला धाप लागेल, तेव्हा ती कावड आठवा आणि खुर्चीत बसा. लक्षात घ्या, भटजी हौस म्हणून निसर्गाच्या सान्निध्यात गेले नव्हते. घरी घेणेकरी होते.

पायरी ३ : स्वच्छतेचा धडा

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' दुखणाइताला फार मानवतात, कारण हसू येतं आणि हसताना पोट दुखलं तरी औषध बदलावं लागत नाही. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक जिनसेला आधी पाणी दाखवायचं. हे वाचून काकांना सांगा की पूर्वज स्वच्छ होते. टायफॉइड पाण्यातूनही पसरतो, हे सांगू नका. काका दुखावतात.

पायरी ४ : अश्मयुगात उतरा

इथे परदेशी पुस्तक लागतं. लॉरेन कॉर्डेन यांचं २००२ सालचं 'द पॅलिओ डाएट' सांगतं की शेतीआधीचा माणूस खाई तेच आपण खावं : मांस, मासळी, फळं, भाज्या, सुकामेवा. धान्य नको, कडधान्य नको, दूधदुभतं नको. आता हातातल्या वाटीकडे पाहा. पेज गेली. मेतकूट तर डाळ-तांदूळ भाजूनच केलेलं, तेही गेलं. उद्या मिळणाऱ्या ताकभातातलं काहीच उरलं नाही. पुस्तक मिटा आणि पेज संपवा.

अश्मयुग फारच दूर वाटलं, तर म. के. ढवळीकरांचं 'महाराष्ट्राची कुळकथा' घ्या आणि घोड नदीकाठी इनामगावला या. शिरूर तालुक्यातल्या या ताम्रपाषाणयुगीन गावाचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बारा-पंधरा वर्षं केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ही माणसं जव पिकवत, गुरं पाळत, कुडाच्या घरात राहत. कॉर्डेनच्या परीक्षेत तीही नापास. इथवर वाचायला छान वाटतं. मग घरांच्या जमिनीखाली काय सापडलं ते येतं : दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत लहान मूल. एक नाही, अशी कितीतरी. इनामगावच्या दफनांत बहुसंख्य मुलंच आहेत. या पानावर दुखणाइताने थांबावं. पाणी प्यावं, उकळलेलं.

पायरी ५ : रानात जायची इच्छा झाल्यास

हे लक्षण दहाव्या दिवशी हमखास दिसतं. अशा वेळी थोरोचं 'वॉल्डन' वाचतात. मराठीत दुर्गा भागवतांनी त्याचं 'वॉल्डनकाठी विचारविहार' केलं आहे. थोरो तळ्याकाठच्या झोपडीत दोन वर्षं राहिला आणि आईचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. १८६२ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. मोकळी हवा भरपूर घेतली होती.

अनुवादिकेचं दुखणं तर या विषयाचा पाठ्यग्रंथच. तरुणपणी दुर्गाबाई आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करायला मध्य प्रदेशातल्या रानात गेल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढची काही वर्षं अंथरुणात गेली. पीएचडी राहिली. 'ऋतुचक्र' पुढे लिहून झालं. तेव्हा रानात जायचंच असेल, तर 'ऋतुचक्र' घेऊन गॅलरीत बसा. समोर एखादा गुलमोहर असला तरी पुरतो.

पथ्य

वाचता वाचता ताप आल्यास काकांना नव्हे, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटू लागलं म्हणून गोळ्यांचा कोर्स अर्धा सोडू नका. रात्री भुईवर झोपण्याचे, चूल मांडण्याचे आणि मिक्सर विकण्याचे निर्णय महिनाभर पुढे ढकला. मिक्सरबद्दल घरातल्या बायकांना आधी विचारा.

पायरी ६ : मूळ ग्रंथ

घरात शहाऐंशी वर्षांची आजी असल्यास वरची सगळी पुस्तकं बाजूला ठेवून तिला पलंगाशी बोलवा. हा ग्रंथ मालिका संपल्यावरच उपलब्ध होतो. पूर्वी कसं छान होतं ते सांग, म्हणा. ती विहिरीचं पाणी सांगेल, जात्यावरचं दळण सांगेल, शेणाने सारवलेल्या ओटीचा वास सांगेल. तुम्ही किती भावंडं होता, असं विचारा. आठ, म्हणेल. नावं विचारा. चार नावं घेऊन ती थांबेल.

"आणि बाकीची?"

"मुदतीच्या तापात गेली दोघं. तेव्हा कुठे होतं औषध?"

क्लोरॅम्फेनिकॉल हे टायफॉइडवरचं पहिलं गुणकारी औषध १९४८ साली आलं. आजी तेव्हा आठ-दहा वर्षांची. हा हिशेब मनातच करा, तिला सांगू नका. उरलेल्या दोघांचं विचारू नका.

मग ती पेजेची रिकामी वाटी उचलेल, उशी सारखी करायला हात घालेल आणि तुम्ही खाली सरकवलेलं पाकीट तिच्या हाताला लागेल.

"दुपारची घेतली नाहीस?"

घ्या. ती समोर उभी असेपर्यंत घ्या.